घोड्याचे कूळ : कागदावरचे, मानाचे आणि तोंडचे

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. घोड्याच्या बाबतीत मात्र त्यांनी अशी काही मनाई केली नाही. उलट घोडा दारात आला की पहिला प्रश्न कुळाचाच होई. कुठल्या पागेतला? आई कशी होती? बापाची चाल कशी? पायाला खोड आहे का? भोवरा कुठे आहे? मुलीला स्थळ पाहतानाही काही घरांत एवढी चौकशी होत नसेल!

आज आम्ही तुमच्यापुढे तीन घोडे उभे करणार आहोत. एक टेक्सासचा, एक आपल्या अंकलीचा आणि एक निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर मेंढरांच्या कळपामागून चालणारा. पहिल्याचे कूळ कागदावर आहे. दुसऱ्याचे कूळ मानात आहे. तिसऱ्याचे कूळ फक्त माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे आता थकत चालली आहेत. हा विषय निवडण्याचे कारण तो तिसरा घोडा आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी पहिल्या दोघांची ओळख करून घेऊ.

अमेरिकेत घोड्याचे एक काम असे आहे की त्याला आपल्याकडे वेगळा शब्दच नाही. तिथे त्या घोड्याला ‘कटिंग हॉर्स’ म्हणतात. जुन्या काळी टेक्सासच्या माळावर अनेक मालकांची गुरे एकत्र चरत. डाग द्यायची, विकायची किंवा औषधपाण्याची वेळ आली की त्या शेकडोंच्या कळपातून नेमके एक जनावर बाजूला काढावे लागे. गुराला कळप सोडवत नाही. ते वळून पुन्हा कळपात घुसू पाहते. त्याला अडवणारा घोडा म्हणजे हा कटिंग हॉर्स.

पुढे या कामाची स्पर्धा झाली. १९४६ साली तिची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. स्पर्धकाला अडीच मिनिटे मिळतात. स्वार कळपात शिरतो, एक वासरू वेगळे काढतो आणि मग लगामाचा हात खाली टेकवतो. तिथून पुढे सगळे घोड्याचे. वासरू डावीकडे गेले की घोडा डावीकडे, ते थबकले की हाही थबकला. घोडा पुढचे पाय पसरून जवळजवळ जमिनीला टेकतो आणि वासराच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो. स्वाराने लगाम ओढला तर गुण कापले जातात. म्हणजे त्या अडीच मिनिटांत अक्कल घोड्याची असावी लागते. ही अक्कल शिकवून काही प्रमाणात येते, पण बरीचशी रक्तात असावी लागते. म्हणून तिथे कुळाला एवढी किंमत.

या घोड्यांमधले एक गाजलेले नाव म्हणजे पेपी सॅन बॅजर. लाडाचे नाव लिटल पेपी. जन्म १९७४. तीन वर्षांचा असताना, १९७७ साली, त्याने तिथली सर्वांत मानाची ‘फ्युचुरिटी’ स्पर्धा जिंकली. स्वार होते बस्टर वेल्च. त्याचा बाप मिस्टर सॅन पेपी, तोही याच कामातला नामवंत घोडा. आई शुगर बॅजर. मिस्टर सॅन पेपीचा बाप लिओ सॅन, आई पेपी बेल. असे मागे मागे जात राहावे, प्रत्येक नाव छापील वहीत सापडते. बाप-लेक दोघेही पुढे टेक्सासच्या प्रसिद्ध किंग रँचकडे गेले.

किंग रँचची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८५३ साली रिचर्ड किंग यांनी हा कारखाना सुरू केला. कारखाना हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण तिथे जनावर घडवण्याचे काम साखर कारखान्याइतक्या शिस्तीने चालते. १९१५ साली जन्मलेला एक लालसर तांबूस शिंगरू त्यांनी विकत घेतला. तो पुढे ‘ओल्ड सॉरेल’ म्हणून ओळखला गेला. त्याचे गुण टिकावेत म्हणून त्याच्या मुलांना त्याच्याच लेकी-नाती दाखवल्या. १९४१ साली फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात पहिला आलेल्या ‘विम्पी’ या घोड्याला क्वार्टर हॉर्स जातीच्या नोंदवहीतला पहिला क्रमांक मिळाला. त्या विम्पीच्या बापाचा बाप ओल्ड सॉरेल आणि आईचा बापही ओल्ड सॉरेलच! आपल्याकडे सगोत्र म्हटले की बैठक मोडते. तिथे मुद्दाम सगोत्र जमवले.

याचा फायदा झाला तसा धोकाही असतो. त्याच क्वार्टर हॉर्स जातीत ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा एक देखणा, पिळदार घोडा होऊन गेला. त्याची संतती हजारोंनी वाढली. मग काही घोड्यांना अचानक स्नायू थरथरण्याचे, कोसळण्याचे झटके येऊ लागले. नोंदी तपासल्या तेव्हा आजारी घोड्यांची प्रत्येक वाट इम्प्रेसिव्हपाशी जाऊन थांबत होती. १९९० च्या दशकात त्या दोषाचे मूळ जनुकातच सापडले आणि तपासणी सुरू झाली. वंशावळ मिरवण्यासाठी असते असे आपण समजतो. पण खाण तशी माती हे खरे असेल, तर खाणीतली खोट कुठे आहे हेही कळले पाहिजे. ते वही ठेवली तरच कळते.

आणखी एक धागा आपल्या घरचा आहे. त्या टेक्सासच्या घोड्यासमोर जे वासरू उभे असते, ते पुष्कळदा ब्राह्मन जातीच्या रक्ताचे असते. पाठीवर वशिंड, गळ्याला लोंबती पोळी, उन्हाला आणि गोचिडांना दाद न देणारे जनावर. ही जात अमेरिकेत तयार झाली, पण तिचे पूर्वज भारतातले आहेत. गीर, काँक्रेज, ओंगोल यांच्याबरोबर त्यात आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचेही नाव घेतले जाते. हीच ती ‘कृष्णा व्हॅली’ जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी, विशेषतः सांगलीकरांनी, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढेल असा दणकट बैल हवा म्हणून बाहेरचे वळू आणून ही जात घडवली. आज ती तिच्या माहेरीच दुर्मीळ झाली आहे. आमचा बैल अमेरिकेच्या वंशावळीत जाऊन बसला आणि आमच्या गोठ्यात मात्र त्याची जागा रिकामी राहिली. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण घोड्याचेही तेच होऊ घातले आहे.

आता दुसरा घोडा. त्याला आपण सगळे ओळखतो.

चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी अंकली. तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दरवर्षी वारीच्या आधी दोन अश्व निघतात. मिरज, सांगली, सातारा, पुणे असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता दहा-अकरा दिवसांत पायी तुडवून ते आळंदीला पोचतात. माऊलींची पालखी हलते ती हे अश्व आल्यावर. अलीकडच्या वर्षांत वारकरी त्यांना हिरा आणि मोती म्हणून ओळखतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. त्यावर माऊली बसलेली असते.

शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३२ च्या सुमारास, माऊलींच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. त्यांना अंकलीच्या शितोळे सरदारांचे पाठबळ मिळाले. घोडे, तंबू, लवाजमा त्यांच्याकडून आला. सोहळ्यात फौजेची शिस्त दिसते तिचे कारण हे. चोपदार, कर्णा, तळ, कूच हे सगळे शब्द छावणीतले आहेत. लढाया संपल्या, पण लढाईचा घोडा वारीला लागला.

तेव्हा अंकलीहून आळंदीला जाताना वाटेत संस्थानांच्या हद्दी लागत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच वाटेवर राज्याची सीमा आली. सीमाभागातल्या आपल्या लोकांच्या आयुष्यात त्या तारखेने काय काय बदलले हे इथे सांगायची गरज नाही. अश्वांची वाट मात्र बदलली नाही. कर्नाटकातल्या गावातून निघायचे, महाराष्ट्रातल्या पालखीपुढे चालायचे, पंढरी गाठायची. वाटेत दोन्हीकडची माणसे नारळ फोडतात, पायांवर पाणी घालतात, चंदी देतात.

तुमच्यापैकी अनेकांनी रिंगण पाहिले असेल. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण, मग पुढे पुरंदवडे, खुडूस, वाखरीच्या वाटेवरची गोल रिंगणे. आधी पताकावाले धावतात, तुळशीवाल्या बायका धावतात, विणेकरी धावतात. मग स्वाराचा अश्व सुटतो आणि त्याच्यामागून माऊलींचा अश्व. त्याला हाकणारे कोणी नसते. लगाम धरणारा हात नसतो. दोन्ही बाजूंना हजारो माणसे, टाळ-मृदंगाचा गजर, आणि तो मोकळा घोडा मधल्या वाटेने भरधाव जातो. तो पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

टेक्सासच्या मैदानात लगामाचा हात खाली जातो तो क्षण आणि इथे पाठ मोकळी असते तो क्षण, हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे माणसाने घोड्यावर विश्वास टाकला आहे. तिथल्या विश्वासाला वंशावळीचा कागद आधार देतो. इथे कोणी कागद मागत नाही. माऊलींच्या अश्वाचा बाप कोण, आई कोण, असे रिंगणात उभा असलेला एकही वारकरी विचारत नाही. एक अश्व थकला की त्याच्या जागी दुसरा येतो आणि मान तोच राहतो. हे कूळ रक्ताचे नाही, सेवेचे आहे. जवळजवळ दोनशे वर्षे ते टिकले, कारण ते टिकवण्याची जबाबदारी एका घराण्याने आणि एका गावाने घेतली. जबाबदारी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

आता तिसरा घोडा. याला आपण पाहतो, पण याच्याकडे पाहत नाही.

दिवाळीनंतर निपाणी, चिकोडी, रायबाग, हुक्केरी भागातल्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. मेंढरांचा कळप येतो. पुढे घोंगडे पांघरलेला धनगर, बाजूला कुत्री, आणि मागे दोन-चार घोडी. त्यांच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड : घोंगडी, भांडी, पिठाची पिशवी, जाळी, खुंट्या, वर एखादी कोंबडी आणि पोत्यातून डोके बाहेर काढलेले रात्री जन्मलेले कोकरू. कधी कधी माणसाचे लेकरूही. शेतात बकरी बसवायची, चार दिवसांनी तळ हलवायचा, पुन्हा सगळे घोड्यावर लादायचे. ट्रक जिथे जात नाही तिथे हे घोडे जाते. ओढा ओलांडते, घाट चढते, मिळेल ते गवत खाते, नाल नसला तरी खडकावर चालते.

या घोड्याला आपण काय म्हणतो? तट्टू. आणि भाड्याचे तट्टू ही तर शिवी आहे. पण ज्याला आपण तट्टू म्हणतो, त्याचे कूळ भीमथडीचे आहे. थडी म्हणजे काठ. भीमेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत, दख्खनच्या देशी तट्टांमध्ये अरबी आणि तुर्की रक्त मिसळून हा घोडा तयार झाला. उंचीने बेताचा, छाती भरलेली, खूर कठीण, पोट लहान. मोगलांचे मोठे घोडे दाण्यावर चालत. हा घोडा पालापाचोळ्यावर चाले. म्हणून तर आपल्या फौजा हलक्या राहिल्या आणि गनिमी कावा शक्य झाला. १७५८ साली मराठे अटकेपर्यंत पोचले ते याच्या पाठीवरून. महाराष्ट्राने २०२३ साली स्वीकारलेल्या राज्यगीतात भीमथडीच्या घोड्यांचा उल्लेख आहे तो उगाच नाही.

आपला भागही या इतिहासात कोरडा नाही. निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर, म्हणजे अप्पा देसाई निपाणकर, पेशवाईच्या अखेरच्या काळातले मातब्बर घोडदळ सरदार. १८०३ च्या मोहिमेतल्या आर्थर वेलस्लीच्या पत्रांत त्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते. निपाणीचा वाडा आजही उभा आहे. त्या वाड्याच्या पागेला घोडे, चंदी आणि मोतद्दार पुरवणारी माणसे याच गावांतली होती.

त्या काळी घोड्यांच्या नोंदीही होत. बारगिराचा घोडा सरकारचा आणि शिलेदाराचा स्वतःचा, म्हणून हिशेब लागे. रंग, वय, किंमत लिहिली जाई. रंगांना तर किती नावे : कुमाईत, सुरंग, सब्जा, अबलख, मुश्की, समंद, पंचकल्याणी. पुढे फौजा मोडल्या, शिलेदारी संपली, पागा ओस पडल्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या रिसाल्यांतली शिलेदार पद्धतही गेली. मग मोटार आली. ज्यांच्याकडे वह्या होत्या त्यांच्याकडे घोडे उरले नाहीत आणि ज्यांच्याकडे घोडे उरले त्या धनगरांकडे वह्या नव्हत्या.

पण त्यांच्याकडे वही नव्हती म्हणून ज्ञान नव्हते असे नाही. जुन्या धनगराला विचारा. ही घोडी कुणाच्या बिऱ्हाडातून आली, तिची आई कुठल्या यात्रेत घेतली, तिच्या आधीचे शिंगरू का विकले, कुठल्या घोड्याची अवलाद लाथाळ निघते आणि कुठल्याची गरीब, हे तो तीन-चार पिढ्यांपर्यंत सांगतो. तो बहुधा घोडीच्या बाजूने मोजतो, कारण घोडी बिऱ्हाडात राहते. अरबस्तानातले बदाऊनही कूळ आईकडून मोजत आले आहेत, हे कळल्यावर आपल्या धनगराचे शहाणपण जास्तच पटते.

अलीकडे एक चांगली गोष्ट झाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्करी, भुतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी यांच्यानंतर देशातली ही घोड्याची आठवी जात. म्हणजे ज्याला आपण बिनकुळी तट्टू समजत होतो, त्याला सरकारदरबारी कूळ मिळाले.

पण जातीची नोंद होणे वेगळे आणि त्या जातीतल्या एकेका जनावराची नोंद होणे वेगळे. पहिले काम कर्नालला झाले. दुसरे काम कर्नालला बसून होणार नाही. आणि वेळ थोडा आहे. वरातीला उंच, पांढरा, नाचणारा घोडा लागतो, म्हणून आपल्या घोड्यांना मारवाडी घोडा दाखवण्याची हौस वाढते. घोडागाडीच्या शर्यतीला वेग लागतो, म्हणून तिथे वेगळे रक्त येते. चांगले उमदे शिंगरू पहिल्यांदा विकले जाते, कारण त्यालाच गिऱ्हाईक असते. जे विकले जात नाही ते मागे राहते आणि पुढची पिढी त्याच्यापासून होते. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. आम्ही त्यात भर घालतो. कूळ का बुडाले? न लिहिल्यामुळे.

शिवाय धनगरांची नवी पिढी शाळेत जाते, नोकरीला लागते. ते योग्यच आहे. कोणाच्या मुलाने रानोमाळ फिरत राहावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आजोबांच्या तोंडची घोड्यांची वंशावळ नातवाने लिहून घेतली, तर त्याच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

म्हणून मंडळाने यंदा एक छोटे काम ठरवले आहे. फार मोठा प्रकल्प नाही. एक वही. त्यात घोड्याचा रंग, उंची, वय, भोवरे, चाल, आईची हकीकत, बापाची हकीकत, कुणाच्या बिऱ्हाडात आहे आणि वर्षातून कुठल्या वाटेने जाते एवढे रकाने. मालकाची परवानगी असेल तरच नोंद आणि फोटो. वहीची एक प्रत धनगराकडेच राहील, कारण ते ज्ञान त्याचे आहे. कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथांच्या यात्रेला, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला सगळीकडचे धनगर येतात. तिथे आपले पाच-दहा कार्यकर्ते बसले तरी पुष्कळ लिहून होईल. आपले बरेच धनगर बंधू घरी कानडी बोलतात, काही मराठी, काही दोन्ही. म्हणून वही दोन्ही भाषांत असेल. माहिती सांगणाऱ्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत आपण ऐकायचे.

पशुवैद्यकीय शिक्षण घेतलेले सभासद आपल्यात आहेत. त्यांनी जंत, खुरांचे आजार, लसीकरण यासाठी त्या दिवसांत दोन तास दिले, तर नोंद घेणाऱ्यांकडे लोक अधिक मोकळेपणाने बोलतील. कोणाच्या दारी नुसते प्रश्न घेऊन जाऊ नये, काही हातात घेऊन जावे, ही आपली रीतच आहे.

किंग रँचसारखी हजारो एकर जमीन आपल्याकडे नाही, शितोळे सरकारांसारखा वाडाही नाही. पण टेक्सासच्या कागदातून आणि अंकलीच्या परंपरेतून एक गोष्ट शिकता येते. कोणतेही कूळ आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते मनावर घ्यावे लागते. तिथे एका संघटनेने घेतले, अंकलीत एका घराण्याने. धनगराच्या घोड्यासाठी ते आता आपण घेऊ.

ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी आरतीनंतर मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. वयाची अट नाही. अक्षर वाचता येण्यासारखे असावे आणि म्हाताऱ्या माणसाचे बोलणे मध्येच न तोडण्याची सवय असावी, एवढेच.

 गणपती बाप्पा मोरया!